थ्री पडत नसतात तेव्हा रोल प्लेअरची किंमत कशी ठरवायची? (डंकन रॉबिन्सनच्या निमित्ताने)

नमस्कार. उत्तराआधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही 2019 पासून एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, मायामी हीटचे चाहते आहात आणि तुमच्या मित्रांमध्ये त्यांचा शूटर डंकन रॉबिन्सन याच्यावरून गेली चार वर्षं वाद चालू आहे. एका गटाचं म्हणणं, ऑगस्ट 2021 मध्ये त्याला पाच वर्षांसाठी 9 कोटी डॉलर दिले, त्याच मोसमात त्याची सुरुवातीच्या पाचातली जागा गेली, म्हणजे पैसे पाण्यात गेले. दुसरा गट म्हणतो, तो नसता तर 2023 ची फायनल दिसलीच नसती. जुलै 2025 मध्ये तो डेट्रॉइटला गेला तरी भांडण मिटलेलं नाही. आणि तुमचा मुद्द्याचा प्रश्न असा की ज्याचे शॉट पडत नाहीत अशा खेळाडूची किंमत मोजायची तरी कशी.

मी सांगलीत गेली 22 वर्षं मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो. एनबीएत मी कधी काम केलेलं नाही. पण संघातल्या सहाव्या-सातव्या खेळाडूला किती वेळ खेळवायचं, त्याचा हात बसलेला नसताना त्याला आत ठेवायचं की बाकावर, हा प्रश्न मला दर मोसमात पडतो. पैशांचा भाग सोडला तर तो सांगलीत आणि मायामीत फारसा वेगळा नसतो. पैशांचं शेवटी बोलू.

तुमच्या ग्रुपमधला एक जण टक्केवारी काढतो, दुसरा 2023 च्या प्लेऑफची, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांची, आठवण काढतो, तिसरा पगार काढतो. तिघंही खरं बोलतायत. फक्त तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत, म्हणून चार वर्षं झाली तरी वाद तिथेच आहे. रोल प्लेअर म्हणजे ज्याला एक ठरावीक काम नेमून दिलंय असा खेळाडू. स्टारने रोज काहीतरी करून दाखवायचं असतं. याने आपलं एक काम करायचं असतं. तेव्हा पहिला प्रश्न हाच: रॉबिन्सनचं काम काय होतं?

"थ्री मारणं", म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून शॉट टाकणं, असं उत्तर येईल. ते अर्धंच आहे.

2019-20 चा मोसम आठवा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणी न घेतलेला, कॉलेजची सुरुवात थेट डिव्हिजन तीनमधल्या, म्हणजे खालच्या स्तरातल्या, विल्यम्सपासून केलेला, मग मिशिगनमार्गे टू-वे करारावर (मुख्य संघ आणि दुय्यम लीग यांत ये-जा असलेल्या करारावर) आलेला हा पोरगा त्या मोसमात 44.6 टक्क्यांनी 270 थ्री मारून गेला. पण त्यातले बरेचसे कसे आले ते डोळ्यांसमोर आणा. हीटचा उंच सेंटर बॅम अडेबायो फ्री थ्रो लाईनच्या वर बॉल घेऊन उभा आहे. रॉबिन्सन कॉर्नरमधून धावत येतो, त्याचा डिफेंडर मागे लागलेला. बॅम बॉल त्याच्या हातात देतो आणि त्याच क्षणी अंगाने मागच्या डिफेंडरची वाट अडवतो. आता बॅमला धरलेल्या उंच माणसाने काय करायचं? जागेवर थांबला तर रॉबिन्सन मोकळा. एक पाऊल पुढे आला तर बॅम वळून सरळ बास्केटकडे जातो आणि वर कुणीच नसतं. ते एक पाऊल हीच रॉबिन्सनची कमाई होती. बॅमने डंक केला की स्कोअरशीटवर दोन गुण बॅमच्या नावावर लागतात, पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो. ज्याच्या धाकाने डिफेन्स फाटला त्याच्या रकान्यात काहीच येत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, एक सामना हरून कळलं. सतरा वर्षांखालच्या मुलांचा संघ घेऊन राज्य स्पर्धेला गेलो होतो. आमच्याकडे बाहेरून मारणारा एकच मुलगा होता आणि पहिल्या तीन सामन्यांत त्याचे 17 पैकी 2 शॉट पडले होते. सोबत आलेले पालक कुजबुजायला लागले. तो स्वतः सकाळी येऊन म्हणाला, "सर, मला नका खेळवू, पडतच नाहीये." मीही त्याचं ऐकलं आणि उपांत्यपूर्व सामन्यात त्याला बाकावर बसवला.

आमचा उंच मुलगा पोस्टवर, म्हणजे बास्केटजवळ, तोपर्यंत छान खेळत होता. त्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या हातात तीनदा बॉल गेला आणि तिन्ही वेळा दोन-दोन माणसं त्याच्या अंगावर. तिसऱ्या वेळी त्याने घाबरून बॉल लाईनबाहेर टाकला. टाइमआउटमध्ये मी ओरडायच्या बेतात होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "सर, वळायलाच जागा नाहीये." मग मी पाहिलं. समोरचा एक गार्ड एक पाय पेंटमध्ये, म्हणजे बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, ठेवून उभा होता. आधीच्या तीन सामन्यांत त्या जागचा माणूस विंगवर, म्हणजे बाहेर बाजूला, आमच्या शूटरला चिकटून हात पसरून उभा असायचा. 17 पैकी 15 चुकले होते, तरी समोरचे कोच प्रत्येक वेळी ओरडत होते, "त्याला सोडू नको!" मी मात्र त्याला स्वतःहून सोडून दिला होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये परत आत घेतला, जागा पुन्हा उघडली, पण उशीर झाला होता. चार गुणांनी हरलो. चूक माझी होती, आणि त्या मुलाला मी ते बसमध्ये सांगितलं.

त्या दिवसापासून माझ्या वहीत एक रकाना वाढला. वर फक्त "पाय" असं लिहिलेलं असतं. बॉल पोस्टमध्ये गेला किंवा बॉल घेऊन आत घुसणाऱ्या आमच्या खेळाडूने पहिलं पाऊल टाकलं, की त्या क्षणी मी बॉलकडे बघत नाही; शूटरच्या डिफेंडरच्या पायांकडे बघतो. दोन्ही पाय पेंटच्या बाहेर आणि तो शूटरपासून एका उडीत पोचेल इतका जवळ असेल तर "चि", म्हणजे चिकटलेला. एक पाय आत आला तर "सो", सोडला. वीस पझेशनमध्ये (बॉल आमच्याकडे असलेल्या वीस खेळींत) पंधरा "चि" असतील तर शॉट पडोत न पडोत, मुलगा आपलं काम करतोय. "चि" दहाच्या खाली आले की समजायचं, समोरच्यांनी ठरवलंय की याला मारू द्या. तेव्हा मात्र त्याला आत ठेवण्यात अर्थ नसतो.

घरी रेकॉर्ड केलेला सामना बघताना हे आणखी सोपं, पॉज करून पाय बघता येतात. रॉबिन्सनचे 2022-23 मधले, म्हणजे त्याच्या सगळ्यात वाईट मोसमातले, मी पाहिलेले सामने याच पद्धतीने पाहिले. त्या वर्षी तो 42 सामने खेळला, 32.8 टक्क्यांनी थ्री मारले, सामन्याला सरासरी 6.4 गुण. आकडे वाचून वाटतं की त्याला कुणी विचारत नसेल. पण डिफेंडर त्याच्या मागे तसेच पळत होते. एक-दोन मोसम पडले नाहीत म्हणून 270 थ्री मारलेल्या माणसाला समोरचे कोच मोकळं सोडत नाहीत.

आता टक्केवारीकडे येऊ, कारण तुमच्या पहिल्या गटाचा सगळा भर तिच्यावर आहे. 44.6, मग 40.8, मग 37.2, मग 32.8. चार मोसमांत सरळ उतरंड. हे बघून काळजी वाटणं बरोबर आहे. पण दोन हिशोब करून बघा.

पहिला: सामन्याला आठ थ्री टाकणाऱ्याची टक्केवारी 44.6 वरून 37.2 वर आली, तर संघाचे किती गुण गेले? साधारण पावणेदोन. ते काही कमी नाहीत, अटीतटीच्या सामन्यात पावणेदोन गुण खूप असतात. पण "संपला", "फुकट गेला" या भाषेला साजेसा हा आकडा नाही. शिवाय लीगची सरासरी तेव्हा 35 च्या आसपास होती, म्हणजे 37.2 टक्के हा वाईट शूटर नव्हेच. आपण त्याची तुलना त्याच्याच सोन्यासारख्या मोसमाशी करत होतो.

दुसरा: समजा एखादा खरोखर 38 टक्क्यांचा शूटर आहे. त्याने 200 थ्री टाकले तर 76 पडायला हवेत. पण निव्वळ योगायोगाने हा आकडा 69 ते 83 असा कुठेही येऊ शकतो, आणि तीनातून एकदा त्याच्याही बाहेर जातो. 69 म्हणजे 34.5 टक्के, 83 म्हणजे 41.5 टक्के. माणूस तोच, हात तोच. एका वर्षी आपण त्याला "ढेपाळला" म्हणतो आणि पुढच्या वर्षी "परतला". 200 शॉट म्हणजे अर्ध्या मोसमाचं काम. म्हणून अर्ध्या मोसमावरून मी कुणाच्या शूटिंगवर शिक्का मारत नाही, आणि माझ्या मुलांना तर एका स्पर्धेवरून कधीच नाही.

त्यातून 2022-23 मध्ये त्याच्या उजव्या, म्हणजे शूटिंगच्या हाताच्या बोटावर शस्त्रक्रिया झाली होती. बोट दुखत असताना बॉल सोडायची लय कशी बिघडते ते ज्याने कधी बोट मोडून शूट केलंय त्याला सांगावं लागत नाही. चाहत्यांच्या वादात दुखापतीला "सबब" म्हणायची पद्धत आहे, ती मला मनापासून खटकते. सबब आणि कारण यात फरक असतो.

इथपर्यंत वाचून तुमचा दुसरा गट खूश झाला असेल. त्यांनाही थोडं थांबवतो.

रॉबिन्सनची जागा मार्च 2022 मध्ये संघातल्याच मॅक्स स्ट्रूसकडे गेली ती केवळ थ्री पडत नव्हते म्हणून गेली असं मला वाटत नाही. दुसऱ्या टोकाला काय होत होतं ते बघा. प्लेऑफमध्ये एकाच संघाशी सात-सात सामने. समोरचा कोच पहिल्या सामन्यातच ठरवतो की तुमच्या पाचात बचावाला सगळ्यात कच्चा कोण. मग त्यांचा स्टार बॉल घेऊन उभा राहतो आणि रॉबिन्सन ज्याला धरून आहे तोच माणूस स्क्रीन लावायला, म्हणजे अंगाने वाट अडवायला, बोलावतो. स्विच झाला, म्हणजे डिफेंडरनी आपापली माणसं बदलली, की रॉबिन्सन एकटा स्टारसमोर. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मायामीचा कोच एरिक स्पोल्स्ट्राने झोन (माणसाऐवजी जागा धरून केलेला बचाव) लावून त्याला बरंच झाकलं, आणि झोन हे मायामीचं जुनं हत्यार आहे, पण सामन्याची शेवटची पाच मिनिटं सगळी झाकून निघत नाहीत.

17 एप्रिल 2022 चा सामना याचं फार बोलकं उदाहरण आहे. अटलांटाविरुद्ध पहिल्या फेरीचा पहिला सामना. बाकावरून आलेल्या रॉबिन्सनने 9 पैकी 8 थ्री मारून 27 गुण केले, मायामी 115-91 ने जिंकली. आणि त्याच प्लेऑफमध्ये पुढे काही सामन्यांत त्याला कोर्टवर पाऊलही ठेवायला मिळालं नाही. चाहत्यांना हा अन्याय वाटला होता. मला नाही वाटला. आठ थ्री मारणारा तोच आणि शेवटी नको असणाराही तोच, या दोन गोष्टी एका खेळाडूबद्दल एकाच वेळी खऱ्या असू शकतात. रोल प्लेअरचं असंच असतं, त्याची किंमत समोर कोण आहे त्यावर बदलते.

उलटं उदाहरण हवं असेल तर ओक्लाहोमा सिटीचा आंद्रे रॉबर्सन. 2017 च्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टनविरुद्ध त्याने 21 पैकी फक्त 3 फ्री थ्रो मारले. ह्यूस्टन मुद्दाम त्याला फाऊल करत होती. त्याचा डिफेंडर दोन्ही पाय पेंटमध्ये रोवून उभा राहायचा, संघाचा स्टार रसेल वेस्टब्रूकची वाट बंद. माझ्या वहीच्या भाषेत वीसपैकी वीस "सो". ओक्लाहोमा ती मालिका 4-1 ने हरली. आणि तरीही त्याच वर्षी रॉबर्सन लीगच्या ऑल-डिफेन्सिव्ह दुसऱ्या संघात होता. जानेवारी 2018 मध्ये त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, तो बाहेर गेला, आणि संघाचा डिफेन्स आधीसारखा घट्ट राहिला नाही. तेव्हा कुठे काही चाहत्यांना कळलं की तो कशासाठी होता. रॉबिन्सन आणि रॉबर्सन, एकाने एका टोकाला द्यायचं आणि दुसऱ्याने दुसऱ्या. दोघांच्याही बाबतीत कोचचं खरं काम म्हणजे तोट्याचं टोक झाकून नफ्याचं टोक वापरणं. ते झाकायला बाकीचे चार जण योग्य लागतात. नसतील तर तोच खेळाडू निरुपयोगी ठरतो. हे माझ्या उत्तरातलं सगळ्यात मोठं "अवलंबून आहे".

थोडं विषयांतर करतो, पण ते आवश्यक आहे. चाहते रोल प्लेअरला एका शॉटवरून फाशी देतात त्याबद्दल. 2020 ची फायनल, मायामी विरुद्ध लेकर्स, पाचवा सामना. लेकर्स मालिकेत 3-1 ने पुढे, सामन्यात एका गुणाने मागे, शेवटची काही सेकंदं. लेब्रॉन जेम्स आत घुसला, मायामीचे डिफेंडर त्याच्याकडे धावले, त्याने बाहेर डॅनी ग्रीनला पास दिला. ग्रीन वर, मधोमध, पूर्ण मोकळा. शॉट तोकडा पडला. मायामी 111-108 ने जिंकली. पुढचे दोन दिवस ग्रीनला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला धमक्या आल्या. धमक्या, एका चुकलेल्या शॉटसाठी! लेब्रॉनचा पास बरोबर होता, ग्रीनने मारणं बरोबर होतं, आणि चांगले शूटरही असे मोकळे शॉट निम्म्याहून जास्त वेळा चुकवतात. पुढचा सामना लेकर्सने 106-93 ने जिंकला आणि ग्रीनचं तिसरं विजेतेपद झालं, तिन्ही वेगवेगळ्या संघांसोबत. ज्याचं काम चांगलं त्याला संघ परत परत बोलावतात.

आणि त्या पाचव्या सामन्यात दुसऱ्या बाजूने 7 थ्री आणि 26 गुण कुणाचे होते? रॉबिन्सनचे. त्याच्या त्या रात्रीमुळेच ग्रीनवर तो शॉट मारायची वेळ आली. तुमच्या ग्रुपला हे नक्की सांगा.

आता 2023. मायामी प्ले-इनमधून, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यांतून, कशीबशी आठवी येऊन मिलवॉकीसमोर उभी. पहिल्याच सामन्यात मायामीच्या टायलर हिरोचा उजवा हात मोडला. तिसऱ्या सामन्यात व्हिक्टर ओलाडिपोच्या गुडघ्याला मोठी दुखापत. वर्षभर बाजूला पडलेल्या रॉबिन्सनला अचानक मिनिटं मिळायला लागली. त्या तिसऱ्या सामन्यात 20 गुण, बॉस्टनविरुद्ध तिसऱ्या सामन्यात 22, आणि पूर्ण प्लेऑफमध्ये थ्रीची टक्केवारी 44 च्या वर.

फायनलचा दुसरा सामना मी 5 जूनला पहाटे साडेपाचला लावला होता. डेन्व्हरच्या घरच्या कोर्टवर मायामी तीन क्वार्टरनंतर 8 गुणांनी मागे. डेन्व्हरचा स्टार निकोला योकिच थांबायला तयार नाही, शेवटी त्याचे 41 झाले. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला रॉबिन्सनने काही क्षणांत 10 गुण केले. त्यातला एक क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तो हँडऑफ (हातातून हातात दिलेला बॉल) घ्यायला धावला, डिफेंडर आधीच्या थ्रीमुळे अंगावर झेपावला, आणि रॉबिन्सन बॉल घेऊन त्याच्या बगलेतून आत गेला. 2020 चा रॉबिन्सन तिथे थांबून आणखी एक स्क्रीन शोधत बसला असता. मायामी 111-108 ने जिंकली. ग्रीनच्या सामन्याचाही स्कोअर हाच होता, हे मला त्या दिवशी दुपारी वही चाळताना लक्षात आलं.

बाकावर बसलेल्या महिन्यांत त्याने काय केलं याचं उत्तर त्या बगलेतून जाण्यात आहे. पुढच्या 2023-24 मोसमात ते आकड्यांतही दिसलं: 12.9 गुण, 39.5 टक्के, आणि असिस्ट 2.8, तोपर्यंतच्या त्याच्या कारकिर्दीतले सर्वाधिक. त्याच मोसमात त्याचे 1000 थ्री पूर्ण झाले, 343 सामन्यांत. इतक्या कमी सामन्यांत तोपर्यंत कुणीच तिथे पोचलं नव्हतं. मी माझ्या मुलांना शिकवताना रॉबिन्सनची थ्री दाखवत नाही, तो पंप फेक करून, म्हणजे शॉटचा नुसता आव आणून, एक ड्रिबल टाकून पास कसा देतो ते दाखवतो. चिकटणाऱ्या डिफेंडरचं उत्तर त्याने शोधलं, आणि असं उत्तर शोधायला कधी कधी एक वाईट वर्ष लागतं.

तर इथपर्यंतचं थोडक्यात: पडणाऱ्या शॉटच्या आधी पाय बघा, अर्ध्या मोसमाच्या टक्केवारीवर फार विसंबू नका, आणि बचावात त्याला शोधून मारतात का, तेही तितक्याच कडकपणे बघा. आता पैसे.

पगाराचं मोजमाप डॉलरमध्ये केलं की डोळे फिरतात. सॅलरी कॅपच्या, म्हणजे लीगने ठरवलेल्या संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेच्या, हिश्श्यात मोजा. 2021-22 मध्ये त्याचा पगार सुमारे 1 कोटी 56 लाख डॉलर, कॅप 11 कोटी 24 लाख, म्हणजे जवळजवळ 14 टक्के. 2024-25 मध्ये पगार 1 कोटी 94 लाखांवर गेला, पण कॅपही 14 कोटी 5 लाखांच्या वर गेली. हिस्सा तोच, 14 टक्क्यांच्या आत-बाहेर. संघाच्या एक सप्तमांश पैशात सुरुवातीच्या पाचातला एक खास कामाचा माणूस, असा तो सौदा होता.

मग बाजारभाव काय? हे 2023 च्या जुलैमध्ये सगळ्यांना दिसलं. ज्याने रॉबिन्सनची जागा घेतली तो मॅक्स स्ट्रूस, तोही ड्राफ्टमध्ये न निवडलेला, क्लीव्हलंडला चार वर्षांसाठी सुमारे 6 कोटी 30 लाखांवर गेला. वर्षाला दीड कोटीहून जास्त. "रॉबिन्सनच्या निम्म्यात तसाच शूटर मिळतो" हा युक्तिवाद स्ट्रूस स्वस्तात खेळत होता तोवर ठीक होता. स्वस्त बदली खेळाडू चांगला खेळला की तो स्वस्त राहत नाही. मायामीने स्ट्रूस आणि गेब व्हिन्सेंट दोघंही त्या उन्हाळ्यात गमावले, आणि ज्याला लोक ओझं म्हणत होते तो रॉबिन्सन पुन्हा सुरुवातीच्या पाचात उभा राहिला.

आणखी एक गोष्ट चाहत्यांच्या लक्षात येत नाही. एनबीएत खेळाडूंची अदलाबदल करताना दोन्ही बाजूंचे पगार बऱ्यापैकी जुळवावे लागतात. संघात स्टार आहेत, किमान पगाराची पोरं आहेत, पण मधल्या पगाराचा कुणीच नाही, तर मोठा सौदा जुळवणं फार अवघड जातं. तेव्हा मध्यम मोठा करार म्हणजे नुसता खर्च नसतो, त्याच्या बदल्यात पुढे काहीतरी आणता येतं.

तुम्ही थेट मत विचारलंय, म्हणून थेट सांगतो. 2021-22 आणि 2022-23 या दोन वर्षांत मायामीने त्याला कामापेक्षा जास्त पैसे दिले. 2023-24 आणि 2024-25 मध्ये वाजवी दिले. 2024-25 मध्ये तो 74 सामने खेळला आणि 39.3 टक्क्यांनी मारत होता. पाचव्या वर्षाची पूर्ण हमी नव्हतीच. करारातून स्वतः बाहेर पडून तो डेट्रॉइटकडून तीन वर्षांचे सुमारे 4 कोटी 80 लाख मिळवू शकला, आणि मायामीला बदल्यात सिमोने फाँटेक्यो हा खेळाडू मिळाला. एकतिसाव्या वर्षी दुसरा संघ एवढे पैसे देतो तो खेळाडू "फुकट गेलेला" नसतो. करार थोडा महाग होता, चुकीचा नव्हता. आणि 2023 ची फायनल एकट्या रॉबिन्सनमुळे झाली असं म्हणणाऱ्यांनी तेव्हाचा मायामीचा स्टार जिमी बटलरचे मिलवॉकीविरुद्धचे सामने पुन्हा बघावेत. रॉबिन्सनने दार उघडं धरलं, आत बटलर गेला.

तुमच्या आजच्या संघातल्या एखाद्या खेळाडूबद्दल हाच वाद चालू असेल, तर मी त्याच्याबद्दल इथून काही सांगणार नाही. त्याला कोणतं काम दिलंय, त्याच्याभोवती कोण आहे, दुखापत आहे का, पुढच्या फेरीत समोर कोण आहे, हे कळल्याशिवाय बोलणं म्हणजे नुसता अंदाज. पण मोजायची पद्धत तुमच्या हातात आहे. डेट्रॉइटचा सामना लावा. त्यांचा स्टार केड कनिंगहॅम बॉल घेऊन आत घुसायला लागला की त्याच्याकडे न बघता रॉबिन्सनच्या डिफेंडरचे पाय बघा. वीस पझेशन पुरेशी आहेत. किती "चि" आणि किती "सो" आले ते इथेच लिहा. मी माझ्या वहीतले आकडे त्याच्या शेजारी टाकतो.